जखम भरली, पण काम थांबलंच नाही : केलॉइडमागचं रेणूंचं विज्ञान



नववी-दहावीला पेशी, आनुवंशिकता, प्रथिननिर्मिती हे घटक आपण शिकवतो. डीएनए, एम-आरएनए, प्रतिलेखन, भाषांतरण या शब्दांच्या व्याख्या मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. कारण हे सगळं आपल्या अंगात आत्ता, या क्षणी चाललेलं आहे, असं त्यांना वाटतच नाही. म्हणून आज असा एक विषय घेतोय, जो डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो आणि ज्याच्यामुळे काही मुलं-मुली वर्गात कान केसांनी झाकून बसतात.

कान टोचला. भोक भरून आलं. सहा महिन्यांनी त्याच जागी हरभऱ्याएवढी गाठ दिसू लागली, पुढच्या वर्षी ती बोराएवढी झाली. कुणाच्या दंडावर बीसीजी लसीच्या जागी, कुणाच्या छातीवर मुरमाच्या जागी, कुणाच्या खांद्यावर भाजल्याच्या जागी अशी गुळगुळीत, कडक, तांबूस किंवा काळपट गाठ येते. आई शाळेत येते आणि विचारते, "सर, घाव तं कवाचा भरला. मंग हे काऊन वाढते?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर रेणूंच्या पातळीवर शोधावं लागतं. त्या उत्तराची आपल्याकडे गरजही आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात कुष्ठरोगाचं प्रमाण जास्त राहिलेलं आहे, शोधमोहिमा होतात, त्यामुळे अंगावर वेगळं काही दिसलं की लोकांच्या मनात पहिली शंका तीच येते. दुसरी शंका कॅन्सरची. या दोन भीतींपायी एखाद्या लेकराजवळ कुणी बसत नाही, तर कुणी घरीच ब्लेडनं गाठ कापून टाकतं. दोन्हीही टाळता येण्यासारखं आहे.

केलॉइड म्हणजे नेमकं काय?

त्वचेची खोल जखम भरली की तिथे व्रण राहतो. साधा व्रण हळूहळू सपाट आणि फिकट होतो. काही व्रण उंच आणि लाल होतात, पण मूळ जखमेच्या हद्दीतच राहतात आणि बहुधा काही महिन्यांत बसतात. त्यांना अतिवृद्ध व्रण म्हणतात. केलॉइड मात्र जखमेची हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या त्वचेत पसरतो, आणि तो सहसा आपोआप बसत नाही. 'हद्द ओलांडतो' हीच त्याची ओळख.

हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाँ-लुई आलिबेर या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी दिलं. आधी त्यांनी कर्करोगाची आठवण करून देणारं नाव वापरलं होतं. पुढे हा कर्करोग नव्हे हे स्पष्ट व्हावं म्हणून खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून 'केलॉइड' असं नाव केलं. गाठीच्या कडेनं फुटलेले फाटे खरंच नांगीसारखे दिसतात. म्हणजे 'हा कॅन्सर नाही' हे सांगण्यासाठीच हे नाव आलं, एवढं पालकांना सांगितलं तरी अर्धी भीती जाते.

जखम भरते कशी?

आपल्याकडच्या मुलांना हे समजवायला मामा तलावाचं उदाहरण उत्तम. माजी मालगुजारी तलावाची पाळ पावसाळ्यात फुटली, तर गाव काय करतं? आधी हाताला लागेल ते टाकून पाणी अडवतं. मग वाहून आलेला काडीकचरा काढतं. मग माती टाकून खिंडार बुजवतं. शेवटी दाबून, चोपून पाळ पक्की करतं. शरीरही याच चार टप्प्यांनी जातं.

पहिला टप्पा रक्त थांबवण्याचा. रक्तपट्टिका गोळा होतात, फायब्रिनच्या धाग्यांची जाळी तयार होते, रक्त गोठतं. याच वेळी रक्तपट्टिका काही रासायनिक निरोपही सोडतात. त्यातला एक आपल्या गोष्टीतला मुख्य आहे : टीजीएफ-बीटा.

दुसरा टप्पा दाहाचा. पांढऱ्या पेशी येतात, जंतू आणि मेलेल्या पेशी खातात. मॅक्रोफेज नावाच्या पेशी सफाई करता करता आणखी निरोप सोडतात.

तिसरा टप्पा भरावाचा. अंतस्त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी जखमेकडे सरकतात, वाढतात आणि कोलॅजेन नावाचं प्रथिन विणू लागतात. सुरुवातीला घाईचं, बारीक, तिसऱ्या प्रकारचं कोलॅजेन जास्त असतं. काही फायब्रोब्लास्ट स्नायूपेशींसारख्या आकसू शकतात आणि जखमेचे काठ जवळ ओढतात.

चौथा टप्पा घडणीचा. तो कित्येक महिने, कधी वर्षभराहून जास्त चालतो. तिसऱ्या प्रकारचं कोलॅजेन काढून पहिल्या प्रकारचं मजबूत कोलॅजेन बसवलं जातं, जादा पेशी स्वतःहून मरतात, जादा रक्तवाहिन्या मिटतात. इतकं करूनही व्रणाची ताकद मूळ त्वचेच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच पोहोचते.

आता कल्पना करा, की खिंडार बुजलं, पण माती टाकणाऱ्यांना 'बस्स, आता थांबा' असं कुणी सांगितलंच नाही. ते टाकतच राहिले, आणि माती शेजारच्या बांधीत जाऊ लागली. केलॉइडमध्ये नेमकं हेच घडतं.

तीन पेडी दोरी

कोलॅजेन हे आपल्या शरीरातलं सर्वांत विपुल प्रथिन. त्याची रचना अंबाडीच्या तीन पेडी दोरीसारखी असते. अमिनो आम्लांच्या तीन लांब साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल येतं. ते लहान असल्यामुळेच पीळ घट्ट बसतो. पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनमधल्या दोन साखळ्या एकसारख्या आणि एक वेगळी असते. त्यांची जनुकंही वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, १७व्या आणि ७व्या.

दोरी पक्की होण्यासाठी साखळीतल्या प्रोलिन या अमिनो आम्लावर एक छोटा बदल व्हावा लागतो. त्या कामाला क जीवनसत्त्व लागतं. म्हणून क जीवनसत्त्वाच्या अभावानं स्कर्व्ही झाली की हिरड्या सुटतात, जखमा भरत नाहीत. पेशीबाहेर आल्यावर अशा दोऱ्या एकमेकींना आडव्या जोडांनी बांधल्या जातात आणि त्यांचा जाड दोरखंड होतो.

साध्या त्वचेत हे दोरखंड चटईसारखे विणलेले असतात. केलॉइडचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर जाडजूड, काचेसारखे दिसणारे, वेडेवाकडे गठ्ठे दिसतात. सामान्य त्वचेच्या तुलनेत केलॉइडमध्ये कोलॅजेनची निर्मिती सुमारे वीस पट असल्याचं मोजलं गेलं आहे.

निरोप केंद्रकापर्यंत कसा पोहोचतो?

इथेच दहावीचा धडा जिवंत होतो. टीजीएफ-बीटा हा निरोप्या पेशीच्या आत जात नाही. तो पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला, म्हणजे दारावरच्या कडीला, चिकटतो. ही ग्राही दोन भागांची असते. पहिला भाग दुसऱ्याला जागं करतो. जागं करणं म्हणजे त्यावर फॉस्फेटचा गट लावणं. जागा झालेला दुसरा भाग पेशीतल्या स्मॅड-२ आणि स्मॅड-३ या प्रथिनांवर तसाच फॉस्फेट लावतो. ही प्रथिनं स्मॅड-४ ला सोबत घेतात आणि केंद्रकात शिरतात. तिथे ती डीएनएवर कोलॅजेनच्या जनुकाजवळ बसतात. मग प्रतिलेखन सुरू होतं, एम-आरएनए तयार होतो, रायबोसोमवर भाषांतरण होतं आणि कोलॅजेनची साखळी तयार होते.

म्हणजे दारावरची थाप, हातोहात गेलेली चिठ्ठी आणि कपाटातून निघालेलं जनुकाचं पुस्तक. ही साखळी निरोगी जखमेतही अशीच चालते. केलॉइडमध्ये ती चालूच राहते.

'थांबा' म्हणणारे कमी पडतात

निरोगी पेशीत ही साखळी बंद करणाराही एक असतो, स्मॅड-७. तो ग्राहीवरच अडथळा आणतो. केलॉइडमधल्या फायब्रोब्लास्टमध्ये स्मॅड-७ कमी आढळतो. शिवाय टीजीएफ-बीटाचे प्रकारही सारखे नाहीत. पहिला आणि दुसरा प्रकार व्रण वाढवणारे, तर तिसरा व्रण कमी करण्याकडे झुकलेला मानला जातो. केलॉइडमध्ये पहिल्या दोघांचं पारडं जड असतं.

दुसरी गोष्ट, जुनं कोलॅजेन तोडणारी विकरं आणि त्या विकरांना रोखणारी प्रथिनं यांच्यातला तोल जातो. घडवणं वाढतं, मोडणं त्या मानानं होत नाही. फायब्रिनची जाळी विरघळवण्याचं कामही मंदावतं, कारण ते रोखणारं पीएआय-१ हे प्रथिन जास्त असतं.

तिसरी गोष्ट, काम संपल्यावर फायब्रोब्लास्टनं ठरल्याप्रमाणे मरायचं असतं. केलॉइडमधल्या या पेशी तो इशारा सहजासहजी मानत नाहीत.

चौथी गोष्ट दाहाची. गाठीत दाह धुमसत राहतो. आयएल-६, आयएल-१३ असे निरोप चालू राहतात. मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, त्यामुळे खाज येते. म्हणूनच केलॉइड खाजतो, कधी टोचल्यासारखा दुखतो. पोरगं वर्गात सारखं खांदा खाजवत असेल तर ते चाळे करत नसतं.

छातीवर येतो, तळहातावर का नाही?

हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. धानकापणीत विळ्यानं बोटं कापतात, रोवणीत पायाला काचा-काटे लागतात, तरी तळहात-तळपायावर केलॉइड क्वचितच येतो. पापणीवरही सहसा नाही. छातीचा मधला भाग, खांदा, पाठीचा वरचा भाग, दंड या जागी मात्र हमखास.

यातला एक भाग ताणाचा आहे. छाती श्वासागणिक हलते, खांदा दिवसभर ओढला जातो. पेशी पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी भोवतालची ओढ ओळखते आणि ती ओढ आत निरोप बनून केंद्रकापर्यंत जाते. ओढ जास्त, तर कोलॅजेन जास्त. पापणीची त्वचा सैल असते, म्हणून तिथे ही ओढ नाही. पण कानाच्या पाळीवर तर मोठा ताण नसतो, तरी केलॉइड येतो. तिथे टोचलेल्या भोकातला संसर्ग, धातूची ॲलर्जी, जड दागिन्याची ओढ आणि वारंवारचं घर्षण यांमुळे दाह टिकून राहतो. म्हणजे कारण एकच नाही, हे मुलांच्या लक्षात येऊ द्या.

घराण्यात असतं का?

आपल्याकडे सिकलसेल सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे एकाच जनुकातल्या एका अक्षराचा बदल असतो आणि आई-वडील दोघंही वाहक असतील तर अपत्याला आजार होण्याची शक्यता किती, हे आपण तक्त्यावर मांडून दाखवतो. केलॉइडचं तसं नाही. घराण्यात तो दिसतो खरा. आईला असेल तर मुलांना होण्याची शक्यता वाढते. पण त्याचं एकच एक जनुक सापडलेलं नाही. २०१० साली जपानमधल्या संशोधकांनी हजारो लोकांचे डीएनए तपासून १ल्या, ३ऱ्या आणि १५व्या गुणसूत्रांवर केलॉइडशी संबंधित जागा दाखवल्या. अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा आणि त्यावर जखम, ताण, दाह, वय यांची भर, असा हा मामला आहे. आनुवंशिकता म्हणजे फक्त मेंडेलचे वाटाणे नव्हेत, हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

सावळ्या-काळ्या त्वचेत केलॉइड जास्त आढळतो. पण रंगद्रव्य हेच कारण असं म्हणता येत नाही, कारण वर्णकहीन आफ्रिकी व्यक्तींमध्येही केलॉइड आढळले आहेत. वयाचं म्हणाल तर साधारण १० ते ३० या वयात त्याचा जोर जास्त. म्हणजे आपली शाळकरी मुलं नेमकी त्याच वयात आहेत.

आणखी एक अडचण अशी की केलॉइड फक्त माणसालाच होतो. उंदीर-सशात तो जसाच्या तसा होत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेतला अभ्यास अवघड जातो आणि बरेच प्रश्न अजून मोकळे आहेत.

घरोघरचे गैरसमज

"हा संसर्गजन्य आहे." नाही. शेजारी बसल्यानं, टॉवेल वापरल्यानं, डबा वाटून खाल्ल्यानं होत नाही.

"हा कुष्ठरोग आहे." नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्याला सहसा संवेदना नसते, केलॉइड उलट खाजतो आणि दुखतो. शिवाय तो जखमेच्या जागी येतो. पण एक लक्षात ठेवा. जखम नसताना दोन्ही कानांच्या पाळ्या जाड होणं, अंगावर गाठी येणं, बधिर चट्टा दिसणं, यांपैकी काही असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवाच. कुष्ठरोगाचं औषध मोफत मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो. निदान डॉक्टरांनी करायचं, आपण शिक्षकांनी फक्त पाठवायचं.

"भात खाल्ला म्हणून झालं, आंबट बंद करा." धानाच्या जिल्ह्यात लेकराचा भात बंद केला तर ते खाणार काय? भातामुळे केलॉइड होत नाही. आवळा, लिंबू, पेरू यांमुळेही नाही. क जीवनसत्त्व जखम भरायला हवंच. इथे बिघाड कच्च्या मालाचा नाही, न थांबणाऱ्या निरोपाचा आहे.

"कापून टाकली की गेली." हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज. कापणं म्हणजे नवी जखम, आणि नवी जखम म्हणजे पुन्हा तीच साखळी पहिल्यापासून. नुसती शस्त्रक्रिया करून सोडून दिलं तर ४५ ते १०० टक्के वेळा केलॉइड परत येतो, असं वैद्यकीय ग्रंथ सांगतात. आधीपेक्षा मोठाही येतो. मग घरी दोरा बांधणं, ब्लेड लावणं, चुना किंवा ॲसिड लावणं, चटका देणं यांनी काय होईल, ते सांगायला नको.

"लसीमुळे झालं, आता लस नको." बीसीजीच्या जागी काहींना केलॉइड येतो, हे खरं. पण ती लस तान्ह्या बाळांना क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून वाचवते. लस टाळणं हा उपाय नाही.

उपचार काय आहेत?

गाठीतच स्टेरॉइडचं इंजेक्शन, बहुधा ट्रायमसिनोलोन, काही आठवड्यांच्या अंतरानं अनेकदा देतात. ते दाह कमी करतं आणि फायब्रोब्लास्टची वाढ व कोलॅजेनची निर्मिती मंदावतं. त्वचा पातळ होणं, पांढरा डाग पडणं असे दुष्परिणाम होऊ शकतात, म्हणून ते तज्ज्ञांकडूनच घ्यावं. सिलिकॉनची पट्टी दिवसातले १२ तास किंवा जास्त, महिनोन्‌महिने लावावी लागते. कानासाठी दाब देणारी खास कर्णभूषणं असतात. द्रवरूप नायट्रोजननं गोठवण्याचाही उपचार आहे. शस्त्रक्रिया केलीच तर तिच्यासोबत इंजेक्शन किंवा इतर उपचार जोडतात. प्रौढांत कधी शस्त्रक्रियेनंतर लगेच किरणोपचारही देतात, मुलांत तो टाळतात.

सामान्य रुग्णालयात किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभागाकडे दाखवा. आणि पालकहो, धीर धरा. दोन इंजेक्शनं घेऊन फरक नाही म्हणून सोडून दिलं, तर आधीची मेहनतही वाया जाते.

टाळण्यासाठी एवढं करता येतं. घरात कुणाला केलॉइड असेल तर हौसेचं टोचणं-गोंदणं टाळा. कान टोचायचेच असतील तर लहानपणी टोचा, कारण अकराव्या वर्षानंतर टोचलेल्या कानांत केलॉइडची शक्यता जास्त दिसली आहे. ज्या मुलीला एकदा केलॉइड झाला, तिला बुगडीसाठी दुसरं भोक नको. जत्रेतल्या मशीनवर नाव गोंदवून घेणाऱ्या दहावीच्या पोरांनाही हे सांगा. मुरमं फोडू नका. जखम स्वच्छ ठेवा.

वर्गात घ्यायच्या कृती

१. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घ्या. तिच्यावर एक छोटा छेद लांबीच्या दिशेनं आणि एक आडवा द्या. आता पट्टी दोन्ही टोकांनी ओढा. कुठला छेद फाकतो? शल्यविशारद छेदाची दिशा विचारपूर्वक का निवडतात, ते मुलं स्वतःच सांगतील.

२. सुतळीचे तीन पेड घेऊन पीळ द्या. एक पेड किती ताकदीनं तुटतो, तिन्ही मिळून किती, ते करून पाहू द्या.

३. निरोपाचा खेळ : एक मूल टीजीएफ-बीटा, दोघं ग्राही, तिघं स्मॅड, एक जनुक, एक रायबोसोम. चिठ्ठी हातोहात जाऊ द्या. रायबोसोमनं प्रत्येक चिठ्ठीला फळ्यावर एक रेघ मारायची. पहिल्या फेरीत स्मॅड-७ झालेलं मूल पाच रेघांनंतर चिठ्ठी अडवेल. दुसऱ्या फेरीत त्याला बाहेर बसवा आणि फळा पाहा.

एक विनंती मात्र मनापासून. या पाठात वर्गातल्या कुणाच्याही कानाकडे किंवा खांद्याकडे बोट दाखवू नका. 'अमुकला आहे ना, तसं' असं म्हणू नका. ज्याला आहे त्याला पाठातून उत्तर मिळेलच, आणि बाकीच्यांनाही. पाठानंतर एखादं मूल एकटं येऊन विचारेल. तेव्हा त्याचं ऐकून घ्या, पालकांना बोलवा आणि डॉक्टरांकडे जायला सांगा.

विचारासाठी प्रश्न

१. अतिवृद्ध व्रण आणि केलॉइड यांत मुख्य फरक कोणता?
२. केंद्रकात न शिरताही टीजीएफ-बीटा जनुकाचं काम कसं सुरू करतो?
३. सिकलसेलची आनुवंशिकता आणि केलॉइडची आनुवंशिकता यांत काय वेगळं आहे?
४. फक्त कापून टाकल्यानं केलॉइड का परत येतो? साखळीच्या आधारे स्पष्ट करा.
५. तुमच्या गावात जखमेबद्दल कोणकोणते समज आहेत? घरच्या मोठ्यांना विचारून यादी करा आणि त्यातला कोणता समज विज्ञानाला धरून आहे, ते तपासा.

पाचव्या प्रश्नाची यादी आली की जरूर कळवा. लाखनी, पवनी, तुमसर, लाखांदूर, कुठल्याही भागातली असो. पुढचा पाठ त्यावरच बेतता येईल.